शेवगा शेंगांसाठी लावताय की पाल्यासाठी?

परसदार (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पावसाळा तोंडावर आला की "घराभोवती काय लावू?" असे धागे वर येतात. आंबा, लिंबू, कढीपत्ता, पेरू ही नावं ठरलेली. शेवग्याचं नाव काढलं की लगेच कोणीतरी म्हणतं, नको, फार उंच जातो, फांद्या मोडतात, अळ्या पडतात, आणि शेंगा बाजारात मिळतातच की.

शेंगा मिळतात, हे खरं. पाला मिळत नाही. मंडईत मेथी, पालक, अंबाडी, चाकवत सगळं असतं, शेवग्याचा पाला मात्र क्वचित एखाद्या मावशींच्या टोपलीत दिसतो आणि दुपारपर्यंत त्याने मान टाकलेली असते. तोडल्यापासून हा पाला फार वेळ टिकत नाही. पिवळा पडतो, पानं गळायला लागतात. म्हणून दुकानदार ठेवत नाहीत आणि म्हणून शहरातल्या दोन पिढ्यांना तो खायची सवयच राहिली नाही. ज्याला पाला खायचाय त्याच्याकडे झाड दारातच हवं.

माझं सांगणं असं आहे की घरच्या शेवग्याला उंच जाऊच देऊ नका. छाटून खांद्याइतका ठेवा आणि जवळजवळ वर्षभर पाला काढा. शेंगा लागल्या तर त्या वरकड.

मी करते ते असं. बी थेट जागेवर टोकते. शेवग्याचं सोटमूळ लवकर खाली जातं आणि ते दुखावलेलं त्याला आवडत नाही, म्हणून पिशवीत रोप केलंच तर ते लहान असतानाच लावून टाकते. रोप अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडायचा. इथे जीव कळवळतो, पण खुडायचाच. बगलेतून फुटवे येतात, ते हातभर झाले की त्यांचेही शेंडे खुडायचे. असं केलं की एका खोडाऐवजी डेरेदार झुडूप तयार होतं. पाला हवा तेव्हा सुटी पानं ओरबाडत नाही, कोवळी फांदीच कात्रीने कापते, महिना-सव्वा महिन्यात तिथे नवी तयार असते. उन्हाळा संपता संपता कंबरेइतकं खोड ठेवून सगळं उतरवते. पहिल्या पावसानंतर त्यातून जे फुटतं ते वर्षातलं सगळ्यात कोवळं.

पाला निवडायचा कंटाळा येतो म्हणणाऱ्यांसाठी: फांदी जाड टोकाला धरा आणि दोन बोटांच्या चिमटीतून उलट दिशेने ओढा. बारकी पानं आपोआप ताटात पडतात. किंवा फांद्या रात्री फडक्यात गुंडाळून ठेवा, सकाळी झटकल्या की निम्मं काम झालेलं असतं. पिवळी पानं आणि काड्या मात्र डोळ्यात तेल घालून काढा, काड्या शिजत नाहीत आणि दाताखाली येतात.

तुमच्याकडे शेवगा आहे का? पाला खाता का? कसा करता? आणि बियांचं काय करता, तेही लिहा. त्यावर मला बरंच बोलायचंय.

---

सह्याद्रीपल्याड

आमच्याकडे गोकुळाष्टमीक शेगलाची (म्हणजे शेवग्याच्या पाल्याची) भाजी होवकच व्हयी. आंबोळ्यो, काळ्या वाटाण्यांची उसळ आणि शेगलाची भाजी, याशिवाय सिंधुदुर्गात अष्टमी पुरी होत नाही. श्रावणात झाड पावसाने धुतलेलं असतं, पाला कोवळा असतो.

पाककृती साधी आहे. तेलावर कांदा आणि ओल्या मिरच्या. कांदा मऊ झाला की भिजवलेली मूगडाळ, नाहीतर उकडून ठेचलेल्या फणसाच्या आठळ्या. आठळ्या उन्हाळ्यात मातीत पुरून ठेवलेल्या असतात, त्या याच दिवसांत बाहेर निघतात. मग पाला, मीठ, आणि झाकण न ठेवता परतायचं. आई सांगायची की झाकलं तर भाजी कडसर होते आणि रंगही जातो. उतरवताना मूठभर ओलं खोबरं. चमचाभर गूळ घालणारेही आहेत, आमच्या घरात घालत नाहीत.

फुलांचीही भाजी होते. फुलं देठासकट घ्यायची, एकदा गरम पाण्यातून काढून पिळायची आणि बेसन पेरून परतायची. आणि शेंगा तर सुक्या बोंबलांबरोबर. थोडं आमसूल, वाटलेलं खोबरं. यापुढे काही लिहीत नाही, भूक लागली.

---

कोरडवाहू

ताई, धागा चांगला आहे, पण शेतकऱ्याच्या बाजूनेही थोडं लिहितो. आम्ही सोलापूर भागात शेवगा करतो तो शेंगांसाठीच.

आज शेतात दिसणारा बहुतेक शेवगा बियाण्याचा आहे. तमिळनाडूत पेरियाकुलमच्या फलोद्यान महाविद्यालयाने १९८९ मध्ये पीकेएम-१ ही जात दिली आणि शेवग्याची शेतीच पालटली. त्याआधी फांदी लावायची आणि वाट बघत बसायचं. पीकेएम-१ पेरल्यापासून सहा महिन्यांच्या आसपास शेंग देते, शेंग दोन-सव्वादोन फूट. पुढे पीकेएम-२ आली, तिची शेंग चार फुटांपर्यंत जाते, पण लांबट शेंग बाजारात नेताना मोडते आणि गिऱ्हाईकही मध्यम लांबीचीच मागतं. कोकणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा आहे. आमच्याकडे ओडीसी आणि कर्नाटकातून आलेली भाग्या यांचंही बियाणं फिरतं.

पैसा कधी होतो ते सांगतो. दक्षिणेत ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस असतो, तिकडचा माल कमी होतो आणि थंडीत भाव चढतात. मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडचा माल एकदम येतो, तेव्हा तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही. म्हणून मे-जूनमध्ये खरड छाटणी करून थंडीत शेंग धरायची, हे सगळं गणित त्या दोन-तीन महिन्यांसाठी असतं. फुलोऱ्यात पाणी जास्त झालं किंवा ढगाळ हवा राहिली की फुलं सडा घातल्यासारखी खाली पडतात. त्याला औषध नाही, पाणी धरून सोडायचं एवढंच आपल्या हातात.

पाल्याला आमच्या बाजारात गिऱ्हाईक नाही. छाटणीचा पाला शेळ्या खातात, शेळीला तो फार आवडतो. पावडरवाले येतात, दर ठरवतात, एकदा माल उचलतात आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत. तुमच्यासारख्या लोकांनी पाला मागायला सुरुवात केली तर आम्ही पिकवू. जमीन हलकी चालते, पाणी कमी चालतं. पाणी साचू द्यायचं नाही, एवढी एकच अट. साचलं की मूळ कुजतं आणि उभं झाड बसतं.

---

परसदार

@कोरडवाहू, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. शेळ्यांच्या वाट्याला जाणारा तो पाला पुण्या-मुंबईत आठवड्यातून एकदा जरी घराघरात शिजला तरी तुमच्या छाटणीला मोल येईल. गाडी अडते ती फक्त नाशवंतपणापाशी. पानं न ओरबाडता फांद्यांच्याच जुड्या बांधून, ओल्या गोणपाटात, पहाटेच्या गाडीने आल्या तर दिवसभर टिकतात. शेतकरी गट आठवडी बाजारात थेट विकतात, तिथे हे जमण्यासारखं आहे.

@सह्याद्रीपल्याड, आठळ्या घालून याच श्रावणात करते.

---

वाडाचिरेबंदी_नव्हे

आमच्या गावी दारात शेवगा लावत नाहीत. आजी म्हणायची अशुभ असतो. वडिलांनी लावलेला एक शेवगा तिने तोडायला लावला होता. मला त्यामागचं कारण कधी कळलं नाही. कुणाला माहीत आहे का?

---

चेन्नईत_स्थायिक

इथे तमिळनाडूत प्रत्येक घरामागे मुरुंगाईचं, म्हणजे शेवग्याचं, झाड असतं, पण पुढच्या दारी मात्र कमी. तमिळमध्ये एक म्हण रोज कानावर येते, "वेताळ पुन्हा मुरुंगाईवर चढला", म्हणजे माणूस परत मूळ पदावर आला. विक्रम-वेताळाच्या त्यांच्या गोष्टीत वेताळ शेवग्यावर लटकलेला असतो. सोमदेवाच्या कथासरित्सागरात तेच झाड शेवगा नाही, शिंशपा आहे. म्हणजे शेवग्याला भुताचं झाड ठरवणं हे त्या त्या मुलखाने आपापलं केलेलं आहे.

गंमत अशी की हीच माणसं पाला सर्रास खातात. मुरुंगाई कीरै, म्हणजे हा पाला, भाजीवालीकडे रोज मिळते. डाळ-तांदळाच्या जाडसर अडैच्या पिठात पाला घालतात, तूप कढवताना शेवटी चार पानं टाकतात, ती कुरकुरीत होतात आणि तुपाला वास येतो. हे तूप मी आता घरी नेहमी असंच कढवते. करून बघा.

---

परसदार

@वाडाचिरेबंदी_नव्हे, तुमच्या आजींच्या म्हणण्यामागे दोन धडधडीत कारणं असतात आणि दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलेली आहेत.

एक, लाकूड. शेवग्याचं लाकूड पांढरं, मऊ, पाण्याने भरलेलं. मनगटाएवढी फांदी मुलाच्या वजनानेही काडकन मोडते, वाकून इशारासुद्धा देत नाही. शेंगा काढायला चढलेली मुलं पडतात. वादळात फांदी कौलांवर येते.

दुसरं, सुरवंट. पावसाळ्यात केसाळ अळ्या दिवसा बुंध्यावर थव्याने चिकटून बसतात. लांबून बघितलं तर खोडावर तपकिरी घोंगडी टाकल्यासारखी वाटते, जवळ गेलं की ती हलते. रात्री वर चढून पाला खातात. त्यांचे केस वाऱ्याने उडतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात आणि अंगाला लागले की खाज, गांध्या, डोळ्यात गेले तर दवाखाना. दारातच झाड असेल तर येणाजाणाऱ्या प्रत्येकाला त्रास. बाळंतिणीच्या खोलीबाहेर असं झाड नको, असं म्हाताऱ्या बायांनी ठरवलं असेल तर त्यात शहाणपण होतं.

पण दोन्ही गोष्टी उंच वाढलेल्या झाडाच्या आहेत. खांद्याएवढ्या झुडपावर कोणी चढत नाही. बुंध्यावर अळ्यांचा पुंजका दिसला की दिवसा, त्या सगळ्या एकत्र असतानाच, लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडायच्या. हातात मोजे, अंगभर कपडे, वाऱ्याकडे पाठ. पेटता टेंभा लावायची जुनी पद्धत आहे, त्याने अळ्या मरतात पण साल भाजते आणि तिथून खोड कुजायला लागतं, म्हणून मी ती करू देत नाही. पहिल्या पावसानंतर पतंग उडतात तेव्हापासून आठवड्यातून एकदा खोड नीट निरखलं तर वेळ येत नाही. पानं खाणाऱ्या बारीक अळ्यांना पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. पाला खायचाय, तेव्हा रासायनिक फवारणीचा विषयच काढू नका.

---

कोरडवाहू

+१. आणि शेंगेतून डिंकासारखा चिकट थेंब बाहेर आलेला दिसला, शेंग टोकाकडून वाळत-चिरत गेली, तर ती फळमाशी. अशा शेंगा झाडावर ठेवू नका आणि खाली पडलेल्याही तिथेच राहू देऊ नका, गोळा करून नष्ट करा. माशीची पुढची पिढी त्या पडलेल्या शेंगांतूनच उठते.

---

मधुमेही_पण_उत्साही

मी शेवग्याच्या पानांची पावडर रोज घेतो. डब्यावर लिहिलंय, दुधाच्या १७ पट कॅल्शियम, पालकाच्या २५ पट लोह. ताजा पाला मिळत नसेल तर पावडरीला काय हरकत आहे?

---

परसदार

हरकत पावडरीला नाही, त्या डब्यावरच्या हिशोबाला आहे. ते १७ पट कुठून येतं बघा. वाळलेल्या १०० ग्रॅम पावडरीत साधारण २,००० मिलीग्रॅम कॅल्शियम, १०० मिली दुधात साधारण १२०. भागाकार केला की १७. पण पाणी काढून टाकलेला पदार्थ आणि जवळजवळ सगळं पाणीच असलेला पदार्थ वजनाला वजन लावून तोलला आहे. शिवाय १०० ग्रॅम पावडर कोण खातं? चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम धरले तर कॅल्शियम झालं ६० मिलीग्रॅम. अर्धा कप दूधही नाही. पालकाचं तेच: वाळलेला पाला विरुद्ध ताजा पालक.

आता ताज्या पाल्याचं बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या-नव्या तक्त्यांत १०० ग्रॅम ताज्या पाल्याला प्रथिनं ६ ते ७ ग्रॅम आणि कॅल्शियम ३०० ते ४४० मिलीग्रॅम दिलं आहे. पालेभाज्यांमध्ये हे आकडे फारच वरचे आहेत, फुगवायची गरजच नाही. माणशी ५० ग्रॅम पाला भाजीत गेला तर दीडशे-दोनशे मिलीग्रॅम कॅल्शियम पोटात जातं. तीन चमचे पावडर गिळण्यापेक्षा वाटीभर भाजी खा, चवही मिळते.

ज्यांना घरी वाळवायचाच आहे त्यांनी सावलीत, हवेशीर जागी, पातळ पसरून वाळवा. उन्हात घातला की रंग तपकिरी होतो आणि अ जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातो. पाल्यात ७५ टक्क्यांच्या वर पाणी असतं, म्हणून ढीगभर पाल्याची बरणीच होते, दचकू नका. थालीपिठाच्या भाजणीत, आमटीत, लहान मुलांच्या पेजेत शेवटी घालायची.

---

वैद्यबाई

परसदार, हिशोब नीट मांडलात. मी व्यवसायाच्या बाजूने तीन गोष्टी जोडते.

आपल्या जुन्या ग्रंथांत हा शिग्रू. उष्ण, तीक्ष्ण सांगितला आहे, आणि त्याचं बी श्वेतमरिच म्हणून येतं, नस्यासाठी, म्हणजे नाकात घालायच्या औषधासाठी. म्हणजे हे बी चणे-फुटाण्यासारखं येता-जाता खायचं नाही. सकाळी उपाशीपोटी बिया गिळायचे जे व्हिडिओ फिरतात ते बघून कृपया काही करू नका.

मूळ आणि मुळाची साल अजिबात खाऊ नये. वास मुळ्यासारखा-मोहरीसारखा झणझणीत येतो म्हणून काही ठिकाणी लोणच्यात घालतात, पण सालीत विषारी द्रव्यं असतात. गर्भवतींनी तर त्यापासून पूर्ण लांब राहावं.

पाला मात्र अन्न आहे. तरीही मधुमेहाची औषधं चालू असतील आणि पावडर रोज घेणार असाल तर साखर तपासत राहा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. @मधुमेही_पण_उत्साही, हे तुमच्यासाठी. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर कोणतीच हिरवी पालेभाजी एकदम वाढवू नये, कारण त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं.

---

ऑस्टिनकर

टेक्साससारख्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी: शेवगा इथे उन्हाळ्यात अक्षरशः उसळतो. अडचण थंडीची. दहिवर गोठलं की वरचं सगळं काळं पडतं. आम्ही जमिनीपासून फूटभर खोड ठेवून बाकीचं कापतो आणि बुंध्यावर पालापाचोळ्याचा जाड थर घालतो. मूळ जिवंत राहिलं तर वसंतात पुन्हा फुटतो. कुंडीतला असेल तर सरळ गॅरेजमध्ये. शेंगांच्या नादाला लागत नाही, हंगाम पुरत नाही. पाला मात्र ऑक्टोबरपर्यंत हवा तेवढा. इंडियन स्टोअरमध्ये गोठवलेल्या शेंगा मिळतात, पण त्या आमटीत घातल्या की दोरा दोरा होतात. त्यामुळे परसदार ताईंचं "पाल्यासाठी लावा" हे आमच्या हवेला तर शंभर टक्के लागू आहे.

---

मोका_आणि_मराठी

मॉरिशसहून लिहितो. आमच्याकडे याला ब्रेद मुरुम म्हणतात आणि तो इथे सगळ्यांचा आहे, मराठी, तमिळ, भोजपुरी, क्रिओल, कोणीही असो. कांदा, लसूण, आलं टाकून पातळ कढण करतात, भाताबरोबर. ताप येऊन गेलेल्या माणसाला हेच देतात. आमची घरं इथे येऊन पिढ्या लोटल्या, पण अंगणातलं हे झाड काही सुटलं नाही. बाजारात जुड्या रोज मिळतात, म्हणजे कोरडवाहू दादा म्हणतात तसं गिऱ्हाईक असलं की पाला पोहोचतो.

---

तेलघाणा

बियांचा विषय ताईंनी सुरुवातीला काढला आणि मग कोणी बोललंच नाही. मी लाकडी घाण्यावर काम करतो, शेंगदाणा, करडई, तीळ, जवस. शेवग्याचं बी काही वेळा काढून दिलं आहे.

बी शेंगेत पूर्ण पिकून, शेंग झाडावरच तपकिरी होऊन तडकायला लागली की काढायचं. बाहेर काळपट टरफल, त्याला कागदासारखे तीन पंख, आत पांढरा मऊ गर. गरात ३५ ते ४० टक्के तेल. ऐकायला भरपूर वाटतं, पण टरफलासकट धरलं की प्रमाण उतरतं, आणि घाण्यात सगळं निघतही नाही. किलोत तीन-चार हजार बिया बसतात आणि तेवढं बी गोळा व्हायला बऱ्याच शेंगा पिकू द्याव्या लागतात, ज्या बाजारात गेल्या असत्या. म्हणून हे तेल महाग पडतं आणि स्वयंपाकाला वापरणं परवडत नाही.

तेल मात्र देखणं. फिकट पिवळं, वास जवळजवळ नाही. ओलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या आसपास, ऑलिव्हच्या जवळपासचं, आणि थोडं बेहेनिक आम्ल. बाहेर याला बेन तेल म्हणतात, त्यावरूनच त्या आम्लाला हे नाव पडलं. लवकर खवट होत नाही. म्हणूनच पूर्वी घड्याळं दुरुस्त करणारे बारीक चाकांना हे तेल घालायचे आणि अत्तरवाले फुलांचा वास त्यात उतरवायचे. आज जातं ते केसांच्या आणि त्वचेच्या तेलात.

---

परसदार

@तेलघाणा, याचीच वाट बघत होते. तेल निघाल्यावर उरलेल्या पेंडीचं काय करता?

---

तेलघाणा

खत. जनावरं तोंड लावत नाहीत, कडू असते.

---

परसदार

मग ही पेंड टाकू नका, मला तिच्याबद्दल लिहायचंच होतं.

शेवग्याच्या बियांमध्ये अशी प्रथिनं आहेत ज्यांच्यावर धन विद्युतभार असतो. गढूळ पाण्यातले मातीचे कण ऋणभारित असतात, म्हणून एकमेकांना ढकलतात आणि तासन् तास तरंगत राहतात. बियांची पूड पाण्यात घातली की प्रथिनं त्या कणांना चिकटतात, कण एकत्र येतात, गोळे होतात आणि आपल्या वजनाने खाली बसतात. तुरटी करते तेच काम. ही प्रथिनं पाण्यात विरघळतात, तेलात जात नाहीत. म्हणजे तेल काढून घेतलं तरी पाणी निवळायची ताकद पेंडीतच राहते. एकाच बीमधून दोन्ही कामं.

हे प्रयोगशाळेत कोणी शोधून काढलेलं नाही. सुदानमध्ये नाईलला पूर आला की पाणी चहासारखं लाल होतं, आणि तिथल्या बाया घरच्या शेवग्याचं बी ठेचून रांजणात घालायच्या. सामिया अल अझारिया जान यांनी सत्तरच्या दशकापासून या बायांच्या पद्धतींचा अभ्यास केला आणि १९८१ मध्ये उष्ण प्रदेशातल्या पाणी निवळण्याच्या देशी रीतींवर सविस्तर लिहिलं. तेव्हा जगाचं लक्ष गेलं. आपल्याकडे निवळी या दुसऱ्या झाडाच्या बिया मडक्याच्या आतून घासायची रीत होतीच.

कृती अशी. पिकलेलं, वाळलेलं बी. टरफल काढून पांढरा गर कुटायचा. डाग पडलेला गर घ्यायचा नाही. किंचित गढूळ पाण्याला लिटरला अर्धं बी, खूप गढूळ असेल तर एक-दोन. पूड आधी वाटीभर स्वच्छ पाण्यात कालवून पाच मिनिटं ढवळायची, फडक्यातून गाळायची आणि ते दुधी पाणी बादलीत. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पाच-दहा मिनिटं अगदी हळू. हळू ढवळणं महत्त्वाचं, घाई केली तर तयार झालेले गोळे फुटतात. मग झाकून तास-दोन तास हात लावायचा नाही. वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं.

आणि हे ठळक वाचा: हे पाणी निवळतं, निर्धोक होत नाही. बरेच जंतू गाळाबरोबर खाली जातात, सगळे जात नाहीत. उकळायलाच हवं. शिवाय बियांचा अंश पाण्यात राहतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वास येतो, म्हणून रोजचं रोज करायचं. क्षार, नायट्रेट, कीटकनाशकं यांच्यावर याचा काही उपयोग नाही.

---

निवृत्त_पाणीपुरवठा

परसदार यांनी उकळण्याचं लिहिलं ते फार बरं केलं, या विषयावरचे निरोप फिरतात त्यात नेमकं तेच गाळलेलं असतं. एक भर घालतो. गढूळपणा आधी घालवला की क्लोरीनचं द्रावणही नीट काम करतं, नाहीतर बरंचसं क्लोरीन गाळातच संपून जातं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी लाल झालं की लोक थेट मेडिक्लोर (क्लोरीनचं तयार द्रावण) घालतात, त्याआधी निवळून घ्यावं. तुरटी गावात मिळते आणि स्वस्त आहे, तेव्हा सगळ्यांनी बियाच वापरा असं मी म्हणणार नाही. पण ज्या वाडीचा रस्ता पावसात बंद होतो तिथे कुंपणावरचा शेवगा कामाला येईल.

---

सोसायटीचा_सचिव

आमच्या आवारात तीन मजले उंच शेवगा आहे. धागा वाचून समितीत विषय काढला, सगळे तयार झाले. सरळ कंबरेपासून छाटू का?

---

परसदार

थांबा! दोन गोष्टी. शहरात असाल तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या, आवार तुमचं असलं तरी. आणि इतकं जुनं झाड एका दमात बुंध्यापर्यंत आणू नका. परवानगी मिळाली की पावसाळ्याआधी निम्म्यावर आणा, फुटवे धरू द्या, पुढच्या उन्हाळ्यात आणखी खाली. कापलेल्या तोंडाला उतार द्या म्हणजे पाणी साचणार नाही, आणि वर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

उतरलेल्या जाड फांद्या फेकू नका. चार-पाच फुटांचे तुकडे सावलीत काही दिवस ठेवले आणि फूट-दीड फूट खोल रोवले की लागतात. फक्त फांदीच्या झाडाला सोटमूळ नसतं, वाऱ्याने आडवं होतं, म्हणून कुंपणाला किंवा आधाराच्या जागी लावा.

---

नवी_पालवी

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्याकडे जमीन नाही, चौथ्या मजल्यावरची गच्ची आहे, सकाळचं ऊन दुपारी दोनपर्यंत. ड्रममध्ये जमेल का? कोणतं बी घेऊ?

---

परसदार

जमेल. दोनशे लिटरचा ड्रम लांबीत चिरू नका, उभा ठेवून मधोमध कापून घ्या, खोली महत्त्वाची आहे. तळाला भरपूर भोकं, त्यावर विटांचे तुकडे. माती, शेणखत आणि वाळू, वाळू जरा सढळ हाताने. पीकेएम-१ चं बी कृषी विद्यापीठाच्या किंवा खात्रीच्या बियाणे केंद्रातून घ्या. पाल्यासाठीच हवाय, तर एका ड्रममध्ये तीन-चार बिया वीतभर अंतरावर टोका, एक इंच खोल. आठ-दहा दिवसांत उगवतात. पावसात ड्रम भिंतीच्या आडोशाला सरकवता येईल असा ठेवा, आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नका.

अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडायचा आणि इथे फोटो टाकायचा.

---

सह्याद्रीपल्याड

@नवी_पालवी, आत्ता जूनमध्ये टोकलंत तर अष्टमीला चार जणांची भाजी नाही निघणार, पण आंबोळीबरोबर चवीपुरती होईल. आठळ्या कमी पडल्या तर सांगा, आमच्याकडे पुरलेल्या आहेत.